धंद्याचा डेटा एआयला दिला, पुढे त्याचं काय होतं? सांगलीतल्या अडते, दुकानदार, कारखानदार आणि डॉक्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक सुरू झाली की सांगलीच्या मार्केट यार्डात दिवाणजींना मान वर करायलाही सवड नसते. अशाच एका दिवशी एका अडत दुकानात मी प्रिंटर बघायला गेलो होतो. कॉम्प्युटरवरच्या पोरानं चारशे ओळींची एक्सेल शीट उघडली. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल, पोती, वजन, भाव, हमाली-तोलाई कापून निघालेली रक्कम आणि शेवटच्या रकान्यात कुणी किती उचल घेतलीय ते. सगळी शीट त्यानं एआयच्या खिडकीत टाकली आणि चहा येईपर्यंत गाववार बेरीज मालकांपुढे ठेवली. मालक खूश झाले. मग कप खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, “ही शीट आता त्यांच्याकडंच राहिली का?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आधी पोराला विचारावं लागलं की हे खातं कुठलं. ते त्याच्या स्वतःच्या जीमेलवरचं निघालं.

त्यानंतर हाच प्रश्न मला गणपती पेठेत, कुपवाडच्या कारखान्यांत आणि मिरजेच्या दवाखान्यांत वेगवेगळ्या तोंडांनी ऐकायला मिळाला. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. कंपन्यांच्या अटी २०२५ च्या अखेरीला होत्या तशा दिल्या आहेत. त्या बदलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी चालू अटी एकदा उघडून बघाच.

आपण जे टाइप करतो त्यावरून एआय तिथल्या तिथे शिकतो का?

नाही. इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. पहिली, तुमचा मजकूर वाचून उत्तर देणं. त्यासाठी शीट कंपनीच्या सर्व्हरवर जातेच, त्याला इलाज नाही. दुसरी, ते संभाषण जपून ठेवणं. तिसरी, जपून ठेवलेलं पुढचं मॉडेल, म्हणजे उत्तरं देणारा एआयचा मेंदू, घडवायला वापरणं, ज्याला ट्रेनिंग म्हणतात. ट्रेनिंग हा वेगळा टप्पा असतो. तुम्ही एंटर दाबलं आणि मॉडेल शहाणं झालं, असं होत नाही.

मालकांनी विचारलं दुसऱ्या गोष्टीबद्दल, पण त्यांच्या मनात भीती होती तिसरीची. कंपन्यांच्या जाहिरातीत बहुतेक वेळा तिसरीचंच उत्तर मोठ्या अक्षरात असतं. दुसरीचं उत्तर शोधावं लागतं.

“पण कालचं बोलणं त्याला आज आठवतं,” असं काहीजण म्हणतात. ती मेमरीची सोय आहे. तुमच्या खात्याला जोडलेली टिपणवहीच समजा. तिचा ट्रेनिंगशी थेट संबंध नाही आणि ती बंद करता येते.

मग कुठली कंपनी ट्रेनिंगला डेटा वापरते आणि कुठली वापरत नाही?

नुसत्या कंपनीच्या नावावरून हे सांगता येत नाही. एकाच कंपनीच्या दोन दारांना दोन नियम आहेत. तुम्ही कुठल्या दारानं आत गेलात, त्यावर सगळं ठरतं.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचं घ्या. १ मार्च २०२३ पासून त्यांच्या एपीआयमधून, म्हणजे एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याशी बोलायच्या वाटेनं आलेला डेटा ट्रेनिंगला वापरला जात नाही. ग्राहकानं आपणहून परवानगी दिली तरच वापरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये चॅटजीपीटी एंटरप्राइझ आलं, नंतर लहान कार्यालयांसाठीची योजना आली, तिथेही तोच नियम. पण मोफत, गो किंवा प्लस हे वैयक्तिक खातं असेल तर उलट आहे: तिथे ट्रेनिंगची परवानगी आधीपासून चालू असते, नको असेल तर आपण बंद करायची.

अँथ्रोपिक कंपनीनं आपल्या क्लॉड या एआयच्या वैयक्तिक खात्यांचा नियम ऑगस्ट २०२५ मध्ये बदलला. ट्रेनिंगला परवानगी देता का, असं वापरकर्त्यांना विचारलं गेलं. “हो” म्हटलं तर डेटा पाच वर्षांपर्यंत राहू शकतो, “नाही” म्हटलं तर साधारण ३० दिवस. त्यांच्या धंद्यासाठीच्या योजनांना आणि एपीआयला हा बदल लागू नाही. गूगल वर्कस्पेसमध्ये, म्हणजे गूगलच्या धंद्याच्या खात्यात, जे जेमिनी मिळतं, तिथला मजकूर परवानगीशिवाय तुमच्या संस्थेबाहेरच्या मॉडेलच्या ट्रेनिंगला जात नाही. साध्या जीमेलवरच्या जेमिनीचं तसं नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ऑफिस खात्यावरच्या कोपायलटला दिलेला मजकूरही मूळ मॉडेल शिकवायला घेत नाहीत, असं त्यांच्या अटी सांगतात.

म्हणून “आम्ही चॅटजीपीटी वापरतो” एवढ्यावर मला काहीच सांगता येत नाही. खातं कुठलं, ते सांगा.

सिमबरोबर वर्षभर फुकट मिळालंय. ते चालेल ना?

स्वतःच्या कामाला खुशाल वापरा. २०२५ मध्ये एअरटेलनं पर्प्लेक्सिटी प्रो दिलं, जिओनं जेमिनीची प्रो योजना १८ महिन्यांसाठी दिली, नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो वर्षभर मोफत झालं. सांगलीत घरोघरी ही पोचली आहेत आणि शिकणाऱ्या पोरांना त्यांचा मोठा आधार आहे. पण ही सगळी वैयक्तिक खाती आहेत. नावात “प्रो” असलं तरी धंद्याचा करार त्यात नाही.

आम्ही महिन्याला पैसे भरतो. मग तर काळजी नाही?

पैसे भरणं वेगळं आणि धंद्याचं खातं असणं वेगळं. प्लस किंवा प्रोला पैसे भरूनही खातं वैयक्तिकच राहतं.

वैयक्तिक खात्याशिवाय सध्या सोय नाही. निदान काय करावं?

चॅटजीपीटीत सेटिंग्जमध्ये जा, डेटा कंट्रोल्स उघडा. तिथे सगळ्यांसाठी मॉडेल सुधारण्याबद्दलचा एक खटका आहे, तो बंद करा. क्लॉडमध्ये प्रायव्हसीच्या पानावर असाच खटका आहे. जेमिनीत अ‍ॅक्टिव्हिटी बंद करावी लागते. तरीही सेवा चालवण्यासाठी संभाषण ७२ तासांपर्यंत राहतं.

त्या पोराच्या मोबाईलवर हा खटका मी बंद केला तेव्हा त्यानं विचारलं, “म्हणजे कालची शीट पण पुसली?” नाही. खटका पुढच्या संभाषणांना लागू होतो. जुनी संभाषणं वेगळी डिलीट करावी लागतात. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: उत्तराखालचा अंगठा. खटका बंद असतानाही तुम्ही अंगठा वर किंवा खाली दाबलात, तर ते संभाषण अभिप्राय म्हणून कंपनीकडे जातं आणि ट्रेनिंगला वापरलं जाऊ शकतं. खातेवहीची बेरीज बरोबर आली म्हणून कौतुकानं अंगठा दाबू नका.

“ट्रेनिंगला वापरत नाही” म्हणजे ठेवतच नाहीत ना?

ठेवतात. ओपनएआयच्या एपीआयमध्ये साधारण ३० दिवसांपर्यंत नोंदी राहतात, गैरवापर तपासण्यासाठी. बऱ्याच कंपन्यांचं गणित याच आसपास आहे. मोठ्या ग्राहकांना “काहीच ठेवायचं नाही” असा वेगळा करार मिळू शकतो, पण तो मागावा लागतो आणि कंपनीनं मंजूर करावा लागतो.

आणि ३० दिवस म्हणजे ३० दिवसच, असंही धरून चालू नका. न्यूयॉर्क टाइम्सनं ओपनएआयवर केलेल्या खटल्यात मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं हुकूम दिला की उत्तरांच्या नोंदी पुसायच्या नाहीत, जपून ठेवायच्या. वापरकर्त्यांनी डिलीट केलेली संभाषणंही त्यात अडकली. एंटरप्राइझ ग्राहक आणि काहीच न ठेवण्याचा करार असलेले एपीआय ग्राहक वगळले गेले. मोफत, प्लस आणि लहान कार्यालयांची टीम योजना मात्र सापडली. ही सक्ती २६ सप्टेंबर २०२५ ला संपली. भांडण वर्तमानपत्राचं आणि कंपनीचं, पण अडकून पडली तिऱ्हाइतांची संभाषणं. आपण पाठवलेला कागद दुसऱ्याच्या कपाटात असतो तेव्हा कपाटाच्या मालकावर आलेली जप्ती आपल्या कागदालाही लागते.

कंपनीची माणसं आमचं संभाषण वाचतात का?

काही प्रमाणात वाचतात. जेमिनीच्या वैयक्तिक खात्याबद्दल गूगल स्पष्ट लिहितं की निवडक संभाषणं माणसं तपासतात, तपासलेली संभाषणं खात्यापासून तोडून तीन वर्षांपर्यंत ठेवली जातात आणि गोपनीय काही लिहू नका. तुम्ही आपलं संभाषण पुसलंत तरी ती तपासलेली प्रत त्याबरोबर जात नाही.

आमचा भाव उद्या दुसऱ्या अडत्याला सांगेल का?

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. धंद्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

एखाद्या शीटमधली एक ओळ जशीच्या तशी दुसऱ्या कुणापुढे येण्याची शक्यता फार कमी आहे. ट्रेनिंगआधी मजकूर गाळला जातो आणि अफाट मजकुरात एकदाच आलेली ओळ सहसा पुसट होते. पण शक्यता शून्यही नाही. २०२३ च्या शेवटी संशोधकांनी चॅटजीपीटीला एकच शब्द कायम म्हणत राहा असं सांगितलं, तर काही वेळानं ते भरकटून ट्रेनिंगमधला खरा मजकूर ओकू लागलं. त्यात लोकांचे ईमेल पत्ते आणि फोन नंबरही होते. ती पळवाट नंतर बुजवली गेली. मॉडेल काही गोष्टी पाठ करतं, हे मात्र त्यातून पुन्हा दिसलं.

त्याहून साधा धोका वेगळाच आहे. २० मार्च २०२३ ला चॅटजीपीटीत एक तांत्रिक बिघाड झाला आणि काही लोकांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. ट्रेनिंगचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, मजकूर नुसता साठवलेला होता. त्याच सुमाराला सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याची बातमी आली आणि मे महिन्यात सॅमसंगनं अशा साधनांवर बंदी घातली. पाठवलेलं परत घेता येत नाही, हीच त्यांची अडचण होती.

चुकून गेलाच, तर परत काढता येतो का?

साठवलेला असेल तोवर येतो. ट्रेनिंगमध्ये गेला की येत नाही.

हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, ज्यांनी बघितली आहेत त्यांना हे लगेच कळेल. पेवात उतरवलेली हळद वर्षानंतरही बाहेर निघायची आणि पोत्यांचा हिशोब लागायचा. तीच हळद दहा जणांच्या हळदीबरोबर दळली, की पिठातून आपलं हळकुंड वेगळं काढता येत नाही. खातं बंद करून किंवा डिलीटचं बटण दाबून जे निघतं ते पेवातलं. घडून गेलेल्या मॉडेलमधून एका अडत्याची शीट नेमकी उपसून काढायची खात्रीची रीत आजही नाही. म्हणून परवानगीचा खटका आधी बघायचा असतो.

व्हॉट्सॲपवर मालाच्या हिशोबाच्या पट्ट्या पाठवतो. त्या पण जातात का?

पार्टीला पाठवलेला खाजगी संदेश दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो. पण त्याच ॲपमध्ये मेटा एआयला विचारलेला प्रश्न किंवा ग्रुपमध्ये त्याचं नाव घेऊन लिहिलेला मजकूर मेटाकडे जातो आणि त्यांची एआय सुधारायला वापरला जाऊ शकतो. पट्टीचा फोटो मेटा एआयला देऊन “बेरीज कर” म्हणू नका.

बिलिंग सॉफ्टवेअरवाले म्हणतात, “आमच्यात आता एआय आलंय.” त्यांना काय विचारायचं?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे. सांगलीत थेट ओपनएआयशी किंवा गूगलशी करार करणारे मोजकेच. बाकीच्यांपर्यंत एआय येतं ते मधल्या माणसाच्या हातून, आणि त्या मधल्या माणसांपैकी मीही एक आहे.

गेल्या वर्षी मिरजेतल्या एका दवाखान्यासाठी मी छोटं साधन बनवलं. पेशंटचे संदेश वाचून नाव, तक्रार आणि सोयीची वेळ वेगळी काढायची आणि अपॉइंटमेंटच्या यादीत भरायची. चाचणीपुरती म्हणून जेमिनीच्या एपीआयची मोफत चावी लावली. साधन चांगलं चाललं, डॉक्टर खूश, आणि चावी तशीच राहिली. दोन महिन्यांनी एका रात्री दुसऱ्याच कामासाठी मी अटी वाचायला बसलो. तिथे लिहिलं होतं की मोफत वापरात पाठवलेला मजकूर गूगल आपली उत्पादनं सुधारायला वापरतं, तो माणसंही वाचू शकतात, आणि संवेदनशील किंवा गोपनीय माहिती पाठवू नये. पैसे भरलेल्या वापरात हे लागू नाही. युरोपातल्या वापरकर्त्यांना तर मोफत असतानाही सशुल्क वापराचंच संरक्षण आहे. आपल्याला ते नाही. दोन महिने बायाबापड्यांच्या पाळीच्या, मूळव्याधीच्या, बाळंतपणाच्या तक्रारी मी त्या वाटेनं पाठवत होतो.

सकाळी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “पेशंटला काय सांगू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच दिवशी बिलिंग चालू केलं आणि संदेश पाठवण्याआधी नाव व नंबर काढून टाकणारा कोड लिहिला. महिन्याचं बिल दीडशे रुपयांच्या आत येतं. एवढ्याशा रकमेसाठी मी ते केलं होतं, हे मला अजून टोचतं.

म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा: मागे कुठल्या कंपनीचं मॉडेल आहे? एपीआय मोफत आहे की सशुल्क? बिल दाखवता का? आमचा डेटा तुम्ही स्वतः किती दिवस ठेवता? मधे आणखी कुणाकुणाच्या हातून जातो? त्याला राग आला तरी विचारा. ज्यानं अटी वाचल्या आहेत त्याला उत्तर द्यायला दोन मिनिटं लागत नाहीत.

मोठ्या कंपन्याही इथे अडखळल्या आहेत. झूमच्या अटींमधल्या एआयच्या कलमावरून ऑगस्ट २०२३ मध्ये गदारोळ झाला आणि त्यांना ते बदलावं लागलं. मे २०२४ मध्ये स्लॅक या ऑफिसातल्या संदेशांच्या ॲपच्या ग्राहकांना कळलं की आपला डेटा स्लॅकची मॉडेल शिकवायला द्यायचा नसेल तर ईमेल पाठवून कळवावं लागतं. आज सही केलेल्या अटी उद्या त्याच राहतील, असं नाही. अटी बदलल्या तर आधी कळवायचं, हे करारात लिहून घ्या.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. त्यातली मला लक्षात ठेवण्यासारखी वाटते ती गोष्ट अशी: शेतकऱ्याची किंवा पेशंटची माहिती तुम्ही ज्या कंपनीकडे काम करायला दिलीत, तिच्या हातून चूक झाली तरी कायद्यापुढे उत्तर तुम्हाला द्यायचं. अशा कंपनीशी रीतसर करार असणंही बंधनकारक आहे. सुरक्षेची काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सांगलीच्या दुकानाला कुणी एवढा दंड लावणार नाही, पण जबाबदारी कुणाची, हे त्यातून समजतं.

मात्र हा कायदा माणसांच्या माहितीसाठी आहे. तुमचा खरेदीभाव, मार्जिन, मसाल्याच्या मिश्रणाचं प्रमाण, कुपवाडच्या कारखान्यातलं एखाद्या पार्टचं ड्रॉइंग यांना तो हात लावत नाही. धंद्याच्या गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. तिथे तुम्हाला वाचवणार तो करारच. वैयक्तिक खात्यात तुमच्या बाजूनं लिहिलेला करारच नसतो.

डेटा भारतातच ठेवता येतो का?

काही धंद्याच्या योजनांमध्ये येतो. ओपनएआयनं २०२५ मध्ये एंटरप्राइझ आणि एपीआय ग्राहकांसाठी ही सोय दिली. डीपसीकचं ॲप मात्र डेटा चीनमधल्या सर्व्हरवर ठेवतं; अर्थ मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या यंत्रांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक दोन्ही टाळायला सांगितलं होतं. ज्यांना बाहेर काहीच पाठवायचं नाही त्यांनी लामा, जेमा, क्वेन यांसारखी मॉडेल स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवावीत. बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं आणि मराठी थोडं कच्चं असतं, पण केसपेपरचा सारांश काढण्याजोगं काम होतं.

एवढं बघत बसण्यापेक्षा दुकानात बंदीच घालू का?

घालू नका. बंदी घातली की पोरं खिशातल्या मोबाईलवर तेच करतात, फक्त तुम्हाला सांगत नाहीत. एक धंद्याचं खातं घ्या, ते कोण वापरणार ते ठरवा आणि काय पाठवायचं नाही ते कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवा.

मार्केट यार्डातल्या त्या दुकानात आता असं चालतं. शीटची दुसरी प्रत काढायची, तिच्यातले नाव आणि मोबाईलचे रकाने उडवायचे, खाते क्रमांक आणि गाव ठेवायचं. उचलीचा रकाना कधीच पाठवायचा नाही. बेरीज आली की दिवाणजी वहीत बघून खाते क्रमांकांपुढे नावं लावतात. पोराला याला सात-आठ मिनिटं जास्त लागतात.